दीड तासानंतरचा लाल

"बंद करू नका तो," मी घरात पाऊल टाकायच्या आधीच आवाज आला. "सकाळी नवाला लावलाय. तुमच्यासाठीच चालू ठेवलाय."

मी उंबऱ्यातच थांबलो. खांद्याला हत्यारांची बॅग, हातात पॅटर्न जनरेटरची, म्हणजे पडद्यावर हवा तो एकच रंग उमटवणाऱ्या यंत्राची, पेटी, आणि नाशिकपासून येवल्यापर्यंत एस.टी.त उभं राहून आल्यामुळे डोक्यात तिडीक. समोर पाटावर अनसूयाबाई दिवटे बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, काटकुळ्या, अंगावर विटक्या रंगाचं नऊवारी. बोटं मात्र नखांच्या मुळांपर्यंत लालजांभळी, कधीच न धुतली जाणारी. टीव्ही मोठ्यांदा चालू होता आणि त्याच्याकडे घरातलं कोणी बघत नव्हतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी, सतीश कुलथे, तेव्हा एका टीव्ही कंपनीच्या नाशिकच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनिअर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. ती बंद पडून बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये अशी आमच्या घरची शिकवण आहे. माझं वय अठ्ठावीस, डिप्लोमा पहिल्या वर्गातला, आणि टीव्हीतलं आपल्याला सगळं कळतं हा गैरसमज अगदी ताजा होता.

या घरची ही तिसरी खेप. पहिल्यांदा गावातल्या दुकानदाराचा मेकॅनिक येऊन गेला होता. दुसऱ्यांदा, दोन महिन्यांपूर्वी, मी. तक्रार तिन्ही वेळा तीच: उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात लाल रंग फिरतो. मागच्या वेळी मी आलो तेव्हा कंपनीचा साहेब येणार म्हणून सूनबाईंनी, कुंदावहिनींनी, सकाळपासून टीव्ही बंद ठेवला होता. पुसूनबिसून चकचकीत केला होता, वर क्रोशाचं कव्हर आणि कव्हरावर प्लॅस्टिकच्या गुलाबांची परडी. मी ते सगळं उतरवलं, जनरेटर जोडला, पडदाभर लाल रंग लावला. चारी कोपरे एकसारखे. वीस मिनिटांत चहा घेऊन मी बाहेर पडलो होतो.

"मावशी, मागच्या खेपेला मी नीट बघितलं होतं," मी बॅग खाली ठेवत म्हणालो. "सेटमध्ये काही नाही."

"तुम्ही ओली लड पाहून गेले, दादा."

"काय पाहून गेलो?"

"ओली लड." त्यांनी बाजूच्या टोपलीतून रेशमाच्या धाग्यांचा एक जुडगा उचलला. "ही लड. रंगाच्या तपेल्यातून काढली का ती ओली असती. ओलीचा रंग पाहून कोनी पास-नापास करत नाही. वाळू द्यायची, मंग सकाळच्या उजेडात अंगनात धरायची. तुम्ही आले तवा टीव्ही थंडगार. कुंदानं देवासारखा पुसून ठेवलेला. त्याला तापू तर द्यायचं! दीड तास झाला का मंग त्याचा लाल फिरतो."

"फिरतो म्हणजे?"

"त्याच्यात राणी शिरती."

राणी म्हणजे निळसर झाक असलेला गडद गुलाबी, एवढं मला माहीत होतं. मी टीव्हीकडे पाहिलं. कोणत्या तरी मालिकेतली लाल साडीतली बाई तावातावानं भांडत होती. साडी लाल होती. कोपऱ्यापर्यंत लाल होती. मला काही राणी-बिणी दिसली नाही.

"एवढ्याशा कोपऱ्यासाठी तीन-तीन अर्ज केलेत तुम्ही?" मी जरा हसत म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. उठल्या आणि मागचं दार उघडून म्हणाल्या, "इकडं या."

मागे छोटं अंगण होतं. कोपऱ्यात विटांची भट्टी, तिच्यात राखही नव्हती. शेजारी भलंमोठं तांब्याचं तपेलं पालथं घातलेलं. दोरीवर एकही लड नव्हती, नुसत्या बांबूच्या काठ्या.

"चाळीस वरसं झाली मला या भट्टीवर," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवा सासऱ्यानं हातात काठी दिली. आमच्या मागावरच्या पैठणीचं रेशीम मी रंगवते, आनि गल्लीतल्या धा घरांचं बी. आता दोन महिने झाले, भट्टी पेटली नाही."

"का?"

"ह्या टीव्हीपायी."

मग त्यांनी सांगितलं. गणपतीत मुलानं, मुरलीधरनं, हौसेनं मोठा रंगीत टीव्ही घेतला. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, याचा लाल फिरतो. सगळे हसले. रोज म्हणू लागल्या तशी हसण्याची काळजी झाली. मुरलीधर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, या वयात असायचीच. त्यातच पैठण्यांची ऑर्डर देणारे झुंबरलाल शेठ एकदा संध्याकाळी चहाला बसले असताना अनसूयाबाईंनी त्यांच्यासमोर टीव्हीतल्या नवरीच्या शालूला नावं ठेवली. शेठना शालू लाल दिसला, मुलाला लाल दिसला, सुनेला लाल दिसला.

"रंगाऱ्याच्या नजरेत एकदा का शंका आली, का मंग संपलं," त्या म्हणाल्या. "पैठणीचं अंग एका वेळंला रंगवता येत नाही. दोन-तीनदा रंगवावं लागतं, आनि तिन्ही वेळचा रंग एक यावा लागतो. सहा महिने विणल्यावर मंग कळावं का रंग जुळला नाही, त्याला काय करता? शेठ म्हणले, नको. मुरली म्हणला, आई, आता तू आराम कर. रेशीम आता बंगळूरहून रंगवून येतं."

"मुलगा काळजीनंच म्हणाला असेल."

"काळजीनंच. म्हनून तर भांडता येत नाही." त्यांनी पालथ्या तपेल्यावरून हात फिरवला. "आता तुम्हीच पहा. टीव्ही बिघडला असंल तर माझे डोळे चांगले. टीव्ही चांगला असंल तर माझे डोळे गेले. मधलं काही नाही, दादा. खरं काय ते सांगा. गेले असतील तर गेले म्हना, मी पुन्हा अर्ज करणार नाही."

एवढं सरळ मला आजवर कोणत्याही ग्राहकानं विचारलं नव्हतं. लोक टीव्हीसाठी भांडतात, या बाई निकाल मागत होत्या. माझी तिडीक कुठल्या कुठे गेली.

मी जनरेटर जोडला, पडदाभर शुद्ध लाल लावला. अनसूयाबाईंनी टोपली पुढे ओढली. तिच्यात लाल रंगाच्या चौदा लडी होत्या. मला त्या फार तर चार प्रकारच्या वाटल्या. मी प्रत्येक लडीच्या गाठीत एकेक आकड्याची चिठ्ठी घडी करून अडकवली आणि आकडे माझ्या वहीत लिहून घेतले.

"पडद्याच्या मधोमध जो लाल आहे, त्याची लड काढा," मी म्हणालो.

त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे बारीक केले नाहीत, पुढे वाकल्या नाहीत. नुसतं पाहिलं, वळल्या आणि एक लड काढून दिली. चिठ्ठी सहाची.

"आता उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याची."

दुसरी लड. चिठ्ठी नवाची.

सहा आणि नऊ मी हातात शेजारी धरल्या. शपथेवर सांगतो, एकच रंग. त्यांनी माझ्या कोपराला धरून मला अंगणात नेलं, भिंतीच्या सावलीत, आभाळाच्या उजेडात उभं केलं. "आता पहा. घाई करू नका." मी पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं नवाच्या लडीत कुठेतरी एक थंडपणा जाणवला. जाणवला म्हणतो, दिसला म्हणायची माझी छाती नाही.

"आता बंद करू," मी म्हणालो. "पूर्ण थंड होऊ दे. मग पुन्हा लावू."

"मंग जेवून घ्या तवर. कुंदा, ताट कर."

बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याचा ठेचा. कुंदावहिनी वाढत होत्या आणि माझ्या ताटाकडे न बघता सासूकडे बघत होत्या. अर्धी भाकरी संपल्यावर अनसूयाबाई उठल्या आणि देवघरातल्या डब्यातून एक चौघडी केलेला गुलाबी कागद घेऊन आल्या.

"हा कागद आला, त्यानंतर भट्टी बंद झाली," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी मुरलीचं मन दोन्हीकडं होतं. मला वाचता येत नाही. पन काय लिहिलंय ते पाठ हाये."

तो आमच्या कंपनीचा जॉब शीट होता, ग्राहकाला द्यायची गुलाबी प्रत. मला तो उघडायची गरज नव्हती. घास हातातच राहिला.

आमच्या ऑफिसात माझ्या शेऱ्यांची ख्याती होती. 'उंदीर मृत, सेट जिवंत.' 'दोष अँटेनात नसून शेजाऱ्यांच्या कबुतरांत.' असले शेरे मी लिहायचो आणि नाशिकला कारकून ते एकमेकांना वाचून दाखवायचे. त्या दिवशी परतीची गाडी पकडायच्या घाईत इथे मी लिहिलं होतं: 'सेट उत्तम. ग्राहकाच्या डोळ्यांची दुरुस्ती आवश्यक.' खाली सही आणि कंपनीचा शिक्का.

"मुरलीनं वाचला आनि गप बसला," अनसूयाबाई म्हणाल्या. "शेठनं मात्र मागावर बसलेल्या सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं वाचला. पोरं हसली. त्यांचं काही चुकलं नाही, हसण्यासारखंच लिहिलेलं हाये."

"मावशी, ते मी…"

"तुम्हीच लिहिलं, ठाऊक हाये मला. अक्षर फार चांगलं हाये म्हणला मुरली." त्यांनी माझ्या ताटात आणखी भाजी वाढायला लावली. "जेवा. ताटावर बसून मान खाली घालू नये."

मला इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार शब्द बोललो असतो, कंपनीचे नियम सांगितले असते. ज्या माणसानं आपली चाळीस वर्षं एका ओळीत थट्टेवारी नेली, त्याला ही बाई जेवू घालत होती, आणि तीही तोच माणूस फेरतपासणीला बरा पडेल अशा शांत हिशेबानं. ते मला नंतर कळलं. दुकानदारामार्फत तिसरा अर्ज करताना त्यांनी मुलाला मुद्दाम सांगितलं होतं, मागच्या वेळी आला होता तोच साहेब पाठवा म्हणून लिही. ज्यानं गाठ मारली त्यालाच ती सोडवायला लावायची होती त्यांना.

दोन वाजता टीव्ही पुन्हा लावला. पडदा थंड. मी चिठ्ठ्या बदलल्या, कोणता जुना आकडा कोणता नवा ते वहीत टिपलं आणि लडी टोपलीत कालवल्या. मधला रंग काढा म्हटलं, कोपऱ्याचा काढा म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी एकाच लडीवर बोट ठेवलं. वहीत पाहिलं तर ती सकाळचीच सहा नंबरची लड होती.

मग आम्ही बसून राहिलो. अनसूयाबाई सुपारी कातरत होत्या, कुंदावहिनी दारात तांदूळ निवडत होत्या, आणि समोर एक रिकामा लाल पडदा. मी दर पंधरा मिनिटांनी विचारायचो, "आता?" त्या मान हलवायच्या, "नाही." साडेतीनच्या सुमारास मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आला."

मला काहीच दिसत नव्हतं. मी बॅगेतून भिंग काढलं आणि कोपऱ्यात काचेला लावलं.

त्या काळच्या टीव्हीत पडद्याच्या आतून लाल, हिरवे, निळे असे हजारो बारीक ठिपके असायचे आणि त्यांच्यामागे एक पातळ लोखंडी जाळी. जाळीच्या भोकांतून किरण नेमका आपापल्या ठिपक्यावर पडायचा. जाळी तापली की थोडी फुगते, पण तिची बैठक नीट असेल तर फरक पडत नाही. या सेटच्या त्या कोपऱ्यात ती बैठक कारखान्यातच बिघडलेली होती. भिंगातून मला दिसलं: लाल ठिपके पेटलेले होते, आणि प्रत्येकाच्या कडेला निळ्याची एक केसाएवढी कोर उजळलेली होती.

मी भिंग खाली घेतलं. जे बघायला मला दहापट मोठं करणारी काच लागली, ते या बाईनं गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्या घरानं खोटं पाडलं तरी पाहिलेलं सोडलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "राणी आहे."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. फक्त कुंदावहिनींकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का?"

कुंदावहिनींच्या सुपातले तांदूळ सांडले.

नाशिकला परतल्यावर मी टिपणीस साहेबांच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, टेबलावर अहवाल ठेवला. पिक्चर ट्यूबचा दोष, दुरुस्ती अशक्य, सेट बदलून द्यावा. साहेबांनी तीन दिवस ठेवून घेतला, मुंबईला फोन केले आणि मला बोलावलं.

"देऊ बदलून," ते म्हणाले. "पण दोष वगैरे लेखी काही जायचं नाही. उद्या त्या लॉटमधले सगळे सेट दारात येतील. पत्र मी लिहिलंय, तेवढंच द्यायचं. समजलं?"

"समजलं, सर."

पुढच्या गुरुवारी दुपारी नवा टीव्ही टेम्पोत घालून मी येवल्याला पोचलो. या वेळी मुरलीधर घरी होता. पस्तिशीचा, बोलायला मऊ माणूस. टीव्हीचं खोकं ओट्यावर उतरवलं, टेम्पोवाला दोर सोडू लागला. मी मोठ्या खुशीत पत्र पुढे केलं.

"वाच," अनसूयाबाई मुलाला म्हणाल्या.

मुरलीधरनं वाचलं. "'कोणताही दोष मान्य न करता, केवळ ग्राहकाच्या समाधानासाठी, विशेष बाब म्हणून सदर संच बदलून देण्यात येत आहे.'"

"दोष मान्य न करता म्हंजी?"

मुरलीधर घुटमळला. "म्हंजी… टीव्ही खराब नव्हता, पन बदलून देऊ राहिले."

"मंग कोन खराब होतं?"

मुरलीधरनं पत्राची घडी घातली.

"माघारी न्या तो," अनसूयाबाई मला म्हणाल्या.

"मावशी, अहो नवा सेट आहे! यात काही अडचण नाही."

"दादा, अर्जात काय लिहिलं होतं मुरलीनं? तपासून काय ते लेखी कळवा. टीव्ही मागितलाच नव्हता मी. ह्या पत्रानं नवा टीव्ही घरात येईल आनि भट्टी तशीच राहील. लोक म्हंतील, म्हातारीनं भांडून टीव्ही उपटला. जुना राहू द्या. निदान तो माझ्या बाजूनं हाये, रोज दीड तासानं खरं बोलतो."

टेम्पोवाला हातात दोर धरून उभा. मला टिपणीस साहेबांचा चेहरा दिसत होता. खोटं कशाला सांगू, मी मनात दोन-चार पळवाटा शोधल्या. तोंडी सांगू का, शेठना समजावू का, नंतर पाठवतो म्हणू का. अनसूयाबाई आत गेल्या आणि देवघरातला तो गुलाबी कागद घेऊन आल्या. माझ्यासमोर ओट्यावर पसरला.

"खाली जागा हाये," त्या म्हणाल्या.

मी खिशातून पेन काढलं. माझ्या त्या विनोदी ओळीखाली, त्याच चांगल्या अक्षरात, लिहिलं: 'वरील शेरा चुकीचा आहे. चूक माझी. सेट दीड तास तापल्यावर उजव्या कोपऱ्यात लाल रंगात निळा मिसळतो, हा कारखान्यातील दोष आहे. तो श्रीमती अनसूयाबाई दिवटे यांनी नुसत्या नजरेनं ओळखला. मला भिंग लागलं.' खाली सही केली, तारीख घातली, आणि बॅगेतला कंपनीचा शिक्का काढून मारला. त्या सहीपायी पुढे माझी धुळ्याला बदली झाली. झाली तर झाली. धुळं काही वाईट गाव नाही.

"तुमच्या नोकरीला काही व्हायचं नाही ना?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"आधी विचारायचं होतं, मावशी."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "मुरली, शेठला बोलाव. आनि मागावरच्या पोरांना बी."

झुंबरलाल शेठ आले. पांढरं धोतर, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. विणकर पोरं दारात दाटीवाटीनं उभी राहिली. अनसूयाबाईंनी कागद शेठच्या हातात दिला. "मागं तुम्ही मोठ्यानं वाचला होता. आज खालचं वाचा."

शेठनी वाचायला सुरुवात केली ती नेहमीच्या दमदार आवाजात. 'चूक माझी' पाशी आवाज उतरला. शेवटच्या ओळीपाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली, स्वतःसाठी. या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत केली.

तोवर मी नवा टीव्ही जागेवर बसवून चालू केला होता. पडदाभर लाल. शेठ घसा खाकरून म्हणाले, "मग बाई, आता तुम्हीच सांगा. याचा लाल कसा आहे?"

"आत्ता नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "तापू द्या. बसा दीड तास."

शेठना कुठेतरी जायचं होतं. हातातली छत्री त्यांनी दोनदा उचलली होती. ती त्यांनी कोपऱ्यात उभी केली आणि सतरंजीवर मांडी घातली. शेजारी मुरलीधर बसला. मी बसलो. पोरं उंबऱ्यावर, ओट्यावर, जागा मिळेल तिथे टेकली. टेम्पोवाला आत डोकावला आणि तोही बसला. रंगारणीचं मत यायचं होतं, आणि त्याच्याआधी बोलायची कोणाची टाप नव्हती. एकदा कुंदावहिनी चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघून "किती छान…" म्हणाल्या आणि जीभ चावून आत गेल्या. दहा-बारा जाणती माणसं एका रिकाम्या लाल पडद्यासमोर कीर्तनाला बसल्यासारखी बसली होती. त्यानंतर नोकरी होती तोवर मी एकाही ग्राहकाच्या घरी टीव्ही तापवल्याशिवाय शेरा लिहिला नाही, आणि विनोदी तर कधीच लिहिला नाही.

दीड तासानं अनसूयाबाई उठल्या. पडद्याच्या चारी कोपऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. टोपलीतून न शोधता सहा नंबरची लड काढली, मागच्या अंगणात गेल्या, आभाळाच्या उजेडात धरली, परत आल्या आणि पडद्यासमोर धरली. मुरलीधरनं श्वास रोखलेला मला शेजारी कळत होता.

"बरा हाये," त्या म्हणाल्या.

शेठ उठले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत, कोणाकडेच न बघता म्हणाले, "बाई, मालेगावच्या घरची जुनी पैठणी आहे, पदर विरलाय. त्याच्याशी जुळणारा लाल पाहिजे. बंगळूरवाल्यांना दोनदा जमला नाही. उद्या नमुना पाठवू का?"

अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि मागच्या दाराशी जाऊन मुलाला हाक मारली.

"मुरली, लाकडं आण. आनि ते तपेलं सरळ कर."